सहाव्या वर्षी येणारी मागची दाढ दुधाची नसते, मुलांचं तोंड उघडून बघा (दातांचा धागा)

रामबागची_सून | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माझा मुलगा सव्वाआठ वर्षांचा आहे. मागच्या सोमवारी रात्री दोनला गाल धरून रडत उठला, खालची डावीकडची दाढ, ठणका एवढा की पाणीसुद्धा तोंडात घेईना. लवंगेचं तेल कापसावर लावलं, मांडीवर घेऊन बसले, सकाळ व्हायची वाट बघत होते. पण खरं सांगू, तेव्हाही मी मनातून निश्चिंत होते, कारण मला वाटत होतं दुधाची दाढ आहे, पडायचीच आहे, फार तर काढून टाकतील.

डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले ताई ही कायमची दाढ आहे, सहाव्या वर्षी आलेली, ही गेली तर हिच्या जागी दुसरी येणार नाही. मला दोन मिनिटं काही सुचेचना. अहो कुठलाच दात पडला नव्हता तिथला, मग कायमची दाढ आली कधी? तर म्हणे ती अशीच येते, दुधाच्या दाढांच्या मागे, गुपचूप, काही न पडता.

आणि सगळ्यात जास्त हे लागून राहिलंय की दीड वर्षापूर्वी मला तिथे काळी रेघ दिसली होती. जवळच्याच एका दवाखान्यात दाखवलं पण होतं. तिथे नीट लाईट लावून बघितलंसुद्धा नाही, लहान मुलाचे दात आहेत, पडतील, राहू द्या म्हणाले. मी पण राहू दिलं. आता त्याच्या दाढेची अर्धी नस काढून वर औषध भरलंय, तीन वेळा जावं लागलं, पोरगा सुई बघून थरथर कापत होता.

ज्यांच्या घरी पाच ते आठ वर्षांची मुलं आहेत त्यांनी कृपा करून आज रात्रीच मोबाईलचा टॉर्च लावून बघा. आणि बाकीच्यांनी पण दातांचं जे जे माहीत आहे ते इथे लिहा, आपल्या घरात कोणी शिकवतच नाही हे.

केतकी७ | रविवार, रात्री १०.४०

अगं बाई, तुझं वाचून उठले आणि झोपलेल्या लेकीचं तोंड उघडून बघितलं. साडेसहाची आहे. शेवटच्या दाढेवर हिरडीचा पदरासारखा तुकडा आहे अर्धवट, त्याखाली पांढरं काहीतरी डोकावतंय. हीच का ती? आणि दुधाची कुठली, कायमची कुठली हे घरच्या घरी ओळखायचं कसं?

दातवैद्य_इंदूर | रविवार, रात्री ११.२०

केतकीताई, हो, बहुतेक तीच. मी दातांचाच डॉक्टर आहे, २२ वर्षं इंदुरातच प्रॅक्टिस करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ओळखायची सोपी पद्धत म्हणजे मोजणं. पुढे मधोमध, दोन पटाशीच्या दातांच्या मधली रेघ धरा आणि तिथून एका बाजूला मागे मोजत जा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात, वर पाच खाली पाच, दोन्ही बाजू धरून एकूण २०. म्हणजे सहावा दात दिसला की तो कायमचा, मग मूल पाच वर्षांचं असो की सात. अशा चार दाढा येतात, प्रत्येक कोपऱ्यात एक. माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांपैकी बहुतेकांना हे माहीत नसतं, रामबागच्या ताईंनी स्वतःला दोष लावून घेऊ नये.

आता हीच दाढ का किडते ते बघा. तोंडात सगळ्यात आधी येणारी कायमची दाढ हीच, आणि तिच्या माथ्यावर खोल खोल खाचा असतात, काही इतक्या बारीक की ब्रशचा केस आतच जात नाही. यायला पण तिला कित्येक महिने लागतात, तोपर्यंत शेजारच्या दाढांपेक्षा खालीच असते, त्यामुळे ब्रश वरूनच फिरून जातो आणि अन्न खाचेत बसून राहतं. वर नवीन दाताचं कवच अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. आणि नेमकं याच वयात आईवडील म्हणतात आता मोठा झाला, स्वतः घासतो.

उपाय आहे. दाढ पूर्ण वर आली की त्या खाचा सिलंटने बंद करून घ्यायच्या. पातळ लेप असतो, खाचेत भरतात आणि निळ्या लाईटने पक्का करतात. सुई नाही, मशीन फिरवणं नाही, दुखत नाही, एका दाढेला दहा-पंधरा मिनिटं. नंतर दर सहा महिन्यांनी तो जागेवर आहे ना बघायचं. केतकीताई, तुमच्या लेकीच्या दाढेवरचा हिरडीचा पदर गेला की घेऊन जा, तोवर त्या दाढेला ब्रश आडवा धरून, गालाच्या बाजूने आत घालून तुम्ही स्वतः घासा.

रामबागच्या ताई, तुमच्या डॉक्टरांनी अर्धी नस ठेवली ते फार योग्य केलं. दात तोंडात आल्यावर त्याचं मूळ पूर्ण व्हायला साधारण ३ वर्षं लागतात. सव्वाआठाला मुळाचं टोक अजून उघडं असतं, खालची नस जिवंत राहिली तर मूळ पूर्ण होतं. तपासण्या मात्र चुकवू नका.

पोहे_सेव_जिरावन | रविवार, रात्री ११.५०

डॉक्टरसाहेब एक विचारायचं होतं. दुधाचे दात मग किडले तरी चालतात का? पडणारच ना. माझ्या चार वर्षांच्या भाच्याचे वरचे पुढचे चारही दात तपकिरी होऊन झिजून राहिलेत, घरात सगळे म्हणतात नवीन येतील तेव्हा चांगले येतील.

दातवैद्य_इंदूर | सोमवार, सकाळी ७.३०

नाही, नाही चालत. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, चार वर्षांच्या मुलाला अजून सहा-आठ वर्षं त्याच दाढांनी जेवायचंय. त्या आधीच काढाव्या लागल्या तर मागची कायमची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताची जागा खाते, मग वेडेवाकडे दात आणि पुढे तारांचा खर्च. आणि दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातावर डाग पडू शकतो.

भाच्याचं वर्णन वाचून विचारतो, तो रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपायचा का? वरचे पुढचे चार दात जातात आणि खालचे पुढचे वाचतात, हे त्याचंच लक्षण. खालच्या दातांवर जीभ असते आणि लाळ असते. वरच्या दातांवर गोड दूध रात्रभर साचून राहतं, झोपेत लाळ कमी होते त्यामुळे धुऊन जात नाही.

पोहे_सेव_जिरावन | सोमवार, सकाळी ८.०५

हो, बाटली. साखर घालून, तीन वर्षांपर्यंत. ताईला आत्ताच फोन करतो.

सुदामानगरची_आजी | सोमवार, दुपारी १.२०

तुम्हा मुलांचं सगळं वाचलं. आमच्या वेळी ब्रश नव्हता, राखुंडी होती, कडुलिंबाची काडी होती, आणि आमच्या सासूबाईंचे दात सत्तरीपर्यंत होते. मग आताच एवढी कीड कुठून आली बाळांनो? माझ्या तोंडात आता अकरा दात उरलेत. मी दात कधी साफ करून घेतले नाहीत कारण माझ्या बहिणीने करून घेतले तेव्हापासून तिचे हलायला लागले. मशीनने मुळं सैल होतात असं ऐकलंय. शिवाय वरची दाढ काढली की नजर जाते म्हणून दुखत असूनही काढली नाही. डॉक्टर रागावू नका, मनातलं विचारतेय.

दातवैद्य_इंदूर | सोमवार, रात्री १०.४५

आजी, रागावू कशाला, हेच प्रश्न मला रोज विचारतात आणि घरी कोणी नीट उत्तर देत नाही म्हणून माणसं दात घालवून बसतात.

आधी साफसफाईचं. दातावर रोजचा चिकट थर बसतो, तो काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो, आपण त्याला किटण म्हणतो. हा दगड हिरडीखाली उतरत जातो, हिरडी सुजते, ब्रश केला की रक्त येतं. तिथपर्यंत थांबलं तर सगळं पूर्ववत होतं. पण वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं आणि ते हाड परत पहिल्यासारखं भरून येत नाही. अशा वेळी दात कशावर उभा असतो? बऱ्याचदा त्या दगडावर. सगळे दात एकमेकांना दगडाने चिकटलेले असतात म्हणून हलताना जाणवत नाहीत. दगड काढला की खरी परिस्थिती दिसते, फटी दिसतात, थोडे दिवस थंड लागतं, आणि माणूस म्हणतो मशीनने दात सैल केले. तुमच्या बहिणीचं हाड आधीच गेलं असणार, साफसफाई दहा वर्षं आधी झाली असती तर कदाचित तेच दात आज घट्ट असते.

नजरेचं म्हणाल तर वरच्या दाढेची नस आणि डोळ्याने बघायची नस दोन्ही पूर्ण वेगळ्या. दाढ काढून आंधळं कोणी होत नाही. उलट मुळाशी पू ठेवून बसणं धोक्याचं.

आणि सासूबाईंचे दात टिकले ते राखुंडीमुळे नाही. त्यांच्या तोंडात गोड किती वेळा जायचं ते आठवून बघा. सणाला पुरणपोळी, एरवी गुळाचा खडा. दिवसभर बिस्किटं, गोड चहा, टॉफी हा प्रकारच नव्हता. राखुंडी, मीठ, कोळसा हे खरखरीत असतं, त्याने कवच घासलं जातं आणि हिरडीजवळ खाच पडते. तुमच्या उरलेल्या दातांवर हिरडीजवळ तसे खड्डे आहेत का ते आरशात बघा.

सुदामानगरची_आजी | मंगळवार, सकाळी ६.५०

आहेत रे बाबा. तीन दातांना नखाने लागतात. नातवाला सांगते मला घेऊन जायला. बीपीची गोळी चालू आहे, रक्त पातळ व्हायची पण आहे.

दातवैद्य_इंदूर | मंगळवार, सकाळी ७.४०

आजी, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा बंद करायची नाही, ते दातांचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, दात काढायच्या आधी ते माहीत असायलाच हवं. बीपीच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, तोंड कोरडं म्हणजे कीड जास्त, तेव्हा घोट घोट साधं पाणी पीत राहा.

सराफा_ते_छप्पन | मंगळवार, दुपारी ३.३०

मला एक सांगा, आपण इंदूरवाले तर मग गेलोच ना? सकाळी पोहे-जलेबी, दुपारी चहा, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन मालपुवा, रबडी, मावा बाटी, आणि घरी येतो बाराला आणि झोपतो. गोड सोडणं आमच्याने नाही होणार, हे मी मनापासून सांगून राहिलोय, ते आमच्या शहराचं जगणं आहे. याच्यात बसेल असा काही रस्ता आहे का?

दातवैद्य_इंदूर | मंगळवार, रात्री ११.१०

आहे, आणि तो तुम्हाला आवडेल. दातांसाठी किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं आहे.

तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडाचा पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या कवचातले क्षार विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते, क्षार परत भरते, याला अर्धा-पाऊण तास लागतो. आता हिशोब करा. जेवणाबरोबर एकदाच जलेबी खाल्ली तर एक हल्ला. पण दुकानावर बसून दर तासाला अर्धा कप गोड चहा आणि दोन बिस्किटं, तर दिवसात आठ-दहा हल्ले, लाळेला भरपाई करायला सवडच नाही. माझ्याकडे येणाऱ्या व्यापारी मंडळींचे दात मिठाईने कमी आणि कटिंग चहाने जास्त गेलेत असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे जलेबी खा, पोह्यांबरोबर खा आणि तिथेच संपवा. मधल्या वेळचा चहा बिनसाखरेचा करा. सराफ्यातून आल्यावर मात्र झोपायच्या आधी ब्रश हवाच, बारा वाजू देत नाहीतर दोन, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि रबडी दातावर रात्रभर राहते. फक्त एक पथ्य. थंडीत गराडूवर (तळलेल्या कंदावर) लिंबू पिळून खाल्लं किंवा लिंबूसोडा प्यायला तर लगेच ब्रश घासू नका, आंबटाने कवच मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश फिरवला की ते घासून निघतं. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश करा.

राऊवाला | बुधवार, सकाळी ९.१५

ब्रश कसा करायचा तेही लिहा ना डॉक्टर. मी कडक ब्रश घेतो, जोर लावून घासतो, दिवसातून दोनदा, तरी थंड पाण्याने सळक जाते आणि हिरड्या वर चढल्यात.

दातवैद्य_इंदूर | बुधवार, रात्री १०.३०

तरी नाही, त्यामुळेच. कडक ब्रश आणि आडवा जोर, हेच कारण. मऊ ब्रश घ्या, पेन धरतो तसा तीन बोटांत धरा म्हणजे जोर लागतच नाही. केस तिरके करून हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर टेकवा, जागच्या जागी हलकेच थरथरवा आणि मग दाताच्या टोकाकडे झटका. पूर्ण तोंडाला दोन मिनिटं. केस फाकले की ब्रश बदला, नाही फाकले तरी तीन महिन्यांनी बदला.

पेस्ट फ्लोराइडची घ्या, पाकिटावर पीपीएममध्ये लिहिलेलं असतं, आपल्याकडे १००० पीपीएमपर्यंतच परवानगी आहे. घासून झालं की थुंका, पण पाण्याने खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड धुऊन जातं. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा. जाहिरातीत ब्रशभर लांब पट्टी दाखवतात ती कोणालाच लागत नाही. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे रात्री एकदा फ्लॉसचा धागा ओढा, फटी मोठ्या असतील तर छोटा फटींचा ब्रश मिळतो. टाचणी आणि सेफ्टीपिन मात्र कपाटात ठेवा.

मालव्यातला_मास्तर | बुधवार, रात्री ११.००

फ्लोराइडबद्दल एक. मी धारकडच्या एका गावात शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर पिवळे तपकिरी पट्टे आहेत, काहींचे खडूसारखे पांढरे. झाबुआ, धार पट्ट्यात हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मुलं बिचारी दगड घासावा तसे दात घासतात, हसताना तोंडावर हात धरतात, त्यांना वाटतं आपण अस्वच्छ आहोत. मला ते बघवत नाही. एकीकडे तुम्ही म्हणता फ्लोराइड लावा आणि इथे फ्लोराइडनेच दात गेले, हे कसं?

दातवैद्य_इंदूर | गुरुवार, सकाळी ७.००

मास्तर, फार चांगला प्रश्न. दाताला बाहेरून लागलेलं थोडं फ्लोराइड कवच मजबूत करतं. पोटात गेलेलं जास्तीचं फ्लोराइड, तेही दात हाडात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, कवच घडतानाच बिघडवतं. पिण्याच्या पाण्याचं आपल्याकडचं मानक लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं की आधी दात आणि पुढे हाडं.

त्या मुलांना हे नक्की सांगा की हे डाग मळाचे नाहीत, त्यांची काही चूक नाही आणि घासून जाणारही नाहीत, मोठेपणी त्यावर उपचार होतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं. आरओने जातं, किंवा तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आहे, नागपूरच्या नीरी संस्थेने काढलेली. शाळेच्या पंपाचं पाणी पीएचईच्या, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या, लॅबमध्ये तपासून घ्या. इंदुरात जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी पिणाऱ्यांनी या भीतीने पेस्ट बदलायची गरज नाही, पण नव्या कॉलनीत फक्त बोरिंगवर असाल तर एकदा तपासा.

लोकमान्यनगर_काका | गुरुवार, दुपारी ४.१०

मी आजवर कधी कोणाला सांगितलं नाही ते इथे लिहितो, नाव दिसत नाही म्हणून. वय ५४. पंचवीस वर्षं पुडी खाल्ली. १ एप्रिल २०१२ ला आपल्याकडे गुटखा बंद झाला, मध्य प्रदेश पहिलं राज्य होतं, तर दुकानदाराने दुसऱ्या दिवसापासून दोन पुड्या वेगवेगळ्या द्यायला सुरुवात केली, पान मसाला वेगळा, तंबाखू वेगळी, आणि मी त्या तळहातावर एकत्र करून खात राहिलो. मग तंबाखू सोडली, नुसती सुपारी ठेवली, वाटलं सुपारीने काय होतंय.

दोन वर्षांपूर्वी तिखट झोंबायला लागलं. बायकोने केलेली साधी आमटीसुद्धा तोंडात जाळ करायची. मग पाणीपुरीची पुरी अख्खी जाईना. आता माझ्या तोंडात दोन बोटं जेमतेम जातात. एमवाय या सरकारी हॉस्पिटलजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखवलं, तिथल्या मुलांनी तास घालवून नीट तपासलं, तुकडा काढून तपासणीला पाठवला, कॅन्सर निघाला नाही. पण आतली कातडी दोरीसारखी कडक झालीये आणि ती पूर्ण पहिल्यासारखी होणार नाही. सुपारी त्या दिवसापासून बंद आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तोंड उघडायचा व्यायाम करतो, लाकडी काड्या दातांत ठेवून, दर आठवड्याला एक वाढवायची.

तरुण मुलांनो, आत्ता आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालून बघा. नसतील जात तर उद्याच जा.

निशिगंधा_विजयनगर | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

काका, तुम्ही लिहिलंत म्हणून तुमचे खूप आभार. माझे मिस्टर ३६ चे आहेत, गोड सुपारीच्या पुड्या गाडीत असतात, म्हणतात तंबाखू तर नाही ना. आत्ता तुमचा मजकूर त्यांना वाचून दाखवला आणि बोटं घालायला लावली. तीन गेली. पुड्या मी बाहेर टाकल्या, त्यांनी काही म्हटलं नाही.

दातवैद्य_इंदूर | गुरुवार, रात्री ११.३०

काका, तुम्ही सोडलंत तिथेच अर्धी लढाई जिंकलीत, दर तीन महिन्यांची तपासणी मात्र आयुष्यभर. हा कडकपणा सुपारीमुळेच येतो, तंबाखू नसली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. तोंडात कुठेही पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला छाला, कारण नसताना हलणारा दात, हे दिसलं की मलम लावत बसू नका, दाखवा. मशेरी लावणाऱ्या आजी-मावश्यांनाही हेच लागू. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे पण घरी भाजून लावणारे अजून भेटतात.

पोहे_सेव_जिरावन | शुक्रवार, सकाळी ८.२०

माझ्या वडिलांना शुगर आहे, सकाळी उशीवर रक्ताचे डाग असतात. ते म्हणतात गरमी झालीये, आवळा खातो. मला आता भीती वाटून राहिली.

दातवैद्य_इंदूर | शुक्रवार, दुपारी २.००

भिया, आवळा खाऊ द्या पण तपासायला न्या. शुगर वाढली की हिरड्यांना सूज लवकर येते, आणि हिरड्यांची सूज राहिली की शुगर आवरत नाही, दोन्हीकडून चालतं. हिरड्यांचे उपचार झाल्यावर शुगर थोडी खाली येते असंही दिसून आलंय. जाताना तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट घेऊन जा. आणि एक, सिगारेट पिणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून ते स्वतःला निरोगी समजतात, आणि आत हाड चाललेलं असतं.

केतकी७ | शुक्रवार, रात्री ९.४५

मी पण एक अनुभव लिहिते, कोणाच्या कामी येईल. मागच्या रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघायला राजवाड्यावर गेलो होतो, गर्दीत माझा बारा वर्षांचा पुतण्या तोंडावर पडला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर. सगळे रक्त बघून घाबरले, जाऊबाई तो दात रुमालाने पुसत होत्या. शेजारी एक काकू होत्या, त्यांनी हात धरला, म्हणाल्या मूळ पुसू नका, वरचा पांढरा भाग धरा. चहाच्या टपरीवरून कपभर थंड दूध घेतलं, दात त्यात टाकला आणि चाळीस मिनिटांत डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी तो परत बसवला, बारीक तारेने शेजारच्या दातांना दोन आठवडे बांधला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, नंतर रूट कनाल केलं. आज तो दात तोंडात आहे. त्या काकूंचं नाव विचारायचं राहून गेलं याची मला अजून हळहळ वाटते.

दातवैद्य_इंदूर | शनिवार, सकाळी ७.१०

अगदी बरोबर केलं काकूंनी. दात मातीत पडला असेल तर दुधाने नाहीतर पाण्याने क्षणभर धुवा, शक्य असेल तर तिथल्या तिथे जागेवर बसवून रुमाल चावायला द्या, नाहीतर दुधात. जितका लवकर तितकं चांगलं, तासाच्या वर गेलं की आशा फार कमी. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या दाताला इजा होते.

आणि दुखण्याचं राहिलं. थंड लागून लगेच थांबत असेल तर बहुतेक वेळा फिलिंगमध्ये भागतं. गरम लागून कळ मिनिटं-मिनिटं राहत असेल, रात्री आडवं झालं की ठणकत असेल, तर नस गेली समजा, मग रूट कनाल किंवा काढणं. मेडिकलवरून अँटिबायोटिक घेऊन चार दिवस बरं वाटतं पण आतली कीड तिथेच असते. दुखऱ्या दाढेशेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, गाल भाजून येतो. गालावर सूज असेल तर बाहेरून शेक नको. सूज जबड्याखाली उतरली, ताप आला, गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर रात्र असली तरी थेट एमवायची इमर्जन्सी, सकाळची वाट बघायची नाही.

सुदामानगरची_आजी | शनिवार, दुपारी १२.४०

नातवाबरोबर जाऊन आले. दोन बैठकांत साफ करायचे ठरलेत, खड्डे भरणार आहेत. वरची दाढ काढली काल. संध्याकाळी देवापुढे पोथी वाचली, चष्मा तोच आहे आणि अक्षरही तेवढंच दिसतंय.

रामबागची_सून | रविवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. काल लेकाची चौथी भेट झाली, सहाव्या वर्षी आलेल्या उरलेल्या तिन्ही दाढांना सिलंट भरलं. सुई नाही म्हटल्यावर आधी विश्वासच ठेवेना, मग स्वतःच खुर्चीवर चढून बसला. आता रात्री तो घासतो आणि नंतर मी परत एकदा मागच्या दाढा घासते. डॉक्टर म्हणाले नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत हे करा, लहान मुलांचा हात तिथे नीट वळत नाही.

एक शेवटचं विचारते डॉक्टर, शाळेतून आला की त्याला रोज एक चिकट टॉफी मिळते व्हॅनवाल्या दादांकडून, प्रेमाने देतात ते सगळ्या मुलांना. त्यांना कसं सांगू?

दातवैद्य_इंदूर | रविवार, रात्री १०.५०

त्यांना म्हणा दादा, रोजच्याऐवजी शनिवारी द्या, आणि टॉफीऐवजी भाजलेले शेंगदाणे-फुटाणे चालतील, मुलं मोठी असतील तरच, लहानांना घशात अडकतात. आणि जमलं तर त्यांनाच एकदा मोजायला शिकवा, मधल्या रेघेपासून सहावा. रोज पंधरा मुलं त्यांच्या गाडीत असतात.

रामबागची_सून | रविवार, रात्री ११.०५

उद्या सकाळी साडेसातला व्हॅन येते. सांगते.